पहिल्या हाकेला ओ

हा काळा सपाट खडक दिसतोय ना, अर्धा काठावर आणि अर्धा पाण्यात, याला आम्ही हाकेचा खडक म्हणतो. चपला काढायची गरज नाही, देव नाही तो. बसा हवं तर. फक्त त्यावर उभं राहून उगाच कुणाच्या नावानं ओरडू नका. काय होतं ते मघाशी तुम्ही बघितलंच. तुमच्यातल्या ताईंनी पुढं गेलेल्या ड्रायव्हरला 'सलीमभाई' म्हणून हाक मारली, आणि चहाच्या टपरीवरून, पिठाच्या गिरणीतून, धुणं धुणाऱ्या बायकांमधून, त्या तिकडं कौलं चाळणाऱ्या दोघांकडून, सगळीकडून एकदम 'ओ' आली. ताई दचकल्या. नवीन माणूस दचकतंच. निवळोशीत सलीम नावाचं कुणी नाही. पण हाक कानावर पडली की ओ द्यायची, नाव कुणाचंही असो, हा इथला रिवाज आहे.

आमच्याकडं हाक म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. माझे आजोबा शेताचं अंतर हाकेत सांगायचे. दोन हाकांवर मळा, हाकेपलीकडं माळ. पेरणीला माणसं कमी पडली तर वाडीत 'हाक घातली' म्हणायचे. बाळंतपणाला सुईण बोलवायची तर तिला 'हाक गेली' म्हणायचे. आणि दुसऱ्या गावांत माणसाला वाळीत टाकत, तसं निवळोशीत त्याची 'हाक तोडत'. म्हणजे मारहाण नाही, हाकलून देणं नाही. फक्त गावातल्या कुणी त्याला नावानं हाक मारायची नाही. ऐकायला साधं वाटतं. एक महिना तुम्हाला कुणी नावानं हाक मारली नाही तर काय होतं, ते करून बघा.

अशीच एका बाईची हाक या गावानं तोडली होती. ती गोष्ट आमच्या घरात सांगतात तशी सांगतो. आमच्या घरात, कारण त्यात ज्याची चूक झाली तो भिवा नावाडी आमचाच पूर्वज. लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हा हा पूल नव्हता. कासई नदीवर नाव चालायची. नाव मोठी, बैलगाडी बैलांसकट पलीकडं नेईल एवढी. ती नेहमी या काठाला, या खडकाला बांधलेली असे, कारण नावाडी इथला. पलीकडून यायचं त्यानं समोरच्या काठावर उभं राहून हाक घालायची. त्या हाकेची एक रीत होती. आधी 'तरीऽऽ', म्हणजे नावेला साद, असा लांब सूर, मग गावाचं नाव, मग आपलं, मग माणसं किती, जनावरं किती. भिवाचा कान असा होता म्हणतात, की पहिल्या सुरावरच तो सांगायचा, बोरडीचा तेली आलाय आणि सर्दी झालीय त्याला.

एके वर्षी दसरा होऊन गेल्यावर, कलत्या उन्हाच्या वेळी, पलीकडून हाक आली. बोरडीचं नाव, गाडी एक, बायामाणसं चार. सूर बरोबर, रीत बरोबर. भिवानं नाव नेली. झाकलेली गाडी नावेत चढली. नदीच्या मध्यावर गाडीचा पडदा बाजूला झाला आणि आतून उघड्या तलवारी घेऊन माणसं उतरली. तो धामधुमीचा काळ होता, लुटारूंच्या टोळ्या मुलुखभर फिरत होत्या. त्यांनी भिवाकडूनच नाव वल्हवून घेतली, मग परत पाठवून आणखी माणसं आणवली. दिवेलागणीपर्यंत गावातली धान्याची पेवं रिकामी झाली होती आणि वरची आळी जळत होती. तीन माणसं मेली. त्यात पाटलांचा थोरला मुलगा होता.

गावचे पाटील सुभानराव. करारी माणूस, पण वाईट नव्हता, असंच सगळे सांगतात. मुलाचं दिवसकार्य झाल्यावर त्यांनी चावडीत गाव बोलावलं आणि विचारलं, "परक्या मुलखातली माणसं ती. त्यांना आपल्या तरीची हाक कुणी शिकवली?"

या प्रश्नाचं उत्तर कुणाकडं नव्हतं. आणि जिथं उत्तर नसतं तिथं माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागतात.

आधी नियम झाला. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेनंतर भिवानं खूण विचारायची आणि समोरच्यानं खुणेचा शब्द सांगायचा. शब्द ठरला 'जोंधळा'. गावातून पलीकडं जाणाऱ्याला तो शब्द सांगून पाठवायचे. पलीकडच्या काठावर धनगरांनी बाभळीला टांगलेल्या भोपळ्यांच्या सांगडी असत, पोहून येण्यासाठी. त्याही पाटलांच्या माणसांनी जाऊन फोडून टाकल्या.

नियमानं नदी बंद झाली, पण संशय तर गावातच राहिला होता. गावातला तेली उशिरा घरी आला तर शेजारी दाराआडून बघायचे. परटिणीनं माहेरच्या माणसाला जेवायला घातलं, तर त्यानं गावाबद्दल काय काय विचारलं याची चौकशी झाली. भिवालाही सोडलं नाही लोकांनी. त्यानंच नाव नेली ना? मध्यावर बुडवता आली नसती? तो चावडीसमोरून जायला लागला की बोलणं थांबायचं. पुढं पुढं त्यालाच वाटायला लागलं की आपल्या कानातच खोट आहे.

मग कुणाला तरी हिरवं लुगडं आठवलं.

गावात आवडा नावाची सुईण होती. कुंभाराची, विधवा, चाळिशीच्या पुढची. दोन्ही काठांवरची निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. आवाज तिचा असा खणखणीत, की आडलेल्या बाईला ती आतून धीर द्यायची तो रस्त्यावर ऐकू यायचा. हाक आली की निघायची, हातातली भाकरी तशीच तव्यावर सोडून. भिवा तिला कधीही, कितीदाही पार न्यायचा.

लुटीच्या आधी भादव्यात, खिंडीपलीकडं कुठल्याशा परक्या लोकांचा तळ पडला होता. तिथून तिला हाक आली होती. ती गेली, बाई सोडवली, आणि तिसऱ्या दिवशी नवं कोरं हिरवं लुगडं घेऊन परत आली. तेव्हा बायकांनी ते हातात धरून पोत बघितला होता, कौतुक केलं होतं. आता तेच लुगडं चावडीत आलं.

"कुणाचा तळ होता?" पाटलांनी विचारलं.

"विचारलं न्हाई," आवडा म्हणाली.

"नाव? गाव? जात?"

"पाटील, मी आत गेल्यावर पोराचं डोकं कुठल्या अंगाला हाय ते बघते. बाकीचं इचारायला सवड नसती."

"त्यांनी तुला गावाबद्दल काही विचारलं नाही?"

"पाणी गरम करा म्हणाले मी. एवढंच बोलणं."

लोकांना हे पटलं नाही. तीन दिवस राहिली आणि बोलली नाही? नदी ओलांडून येण्याबद्दल, तरीबद्दल एक शब्दही नाही? आणि लुगडं एवढं भारी का दिलं? ती भांडली असती, रडली असती, तर कदाचित लोकांना बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "तुमाला जे मानायचं ते माना," आणि लुगडं तिथंच टाकून घरी गेली. तिचा हा निर्धास्तपणाच लोकांना जास्त खुपला.

त्या दिवसापासून आवडाची हाक तुटली. कुणी तिचं नाव घेईना. विहिरीवर बायका तिच्यासाठी जागा करायच्या, पण "आवडाबाई, या" म्हणायच्या नाहीत. बाळंतपणाला दूरच्या वैदूला आणायचे. त्यात वरच्या आळीतलं एक बाळ गेलं, तरी तिला हाक गेली नाही. खुणेचा शब्दही बदलला. 'जोंधळा' तिला ठाऊक होता, म्हणून नवा शब्द आला, 'चिंच', आणि तो तिच्या कानावर पडू नये याची सगळ्यांनी काळजी घेतली. थोड्या दिवसांनी ती पलीकडं बोरडीला जाऊन राहिली. तिथं तिला अजून हाक यायची.

बोरडीतच भिवाची एकुलती लेक दिलेली होती. तानू तिचं नाव, नवऱ्याचं राणू. तानूला पहिलंच मूल व्हायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणजे भिवानं तिला सातव्या महिन्यात आणायला हवी होती. पण त्या दिवसांत नाव सोडायची तर पाटलांना विचारावं लागे, आणि विचारलं की लोक म्हणत, ती सुईण जिथं राहते त्या गावची गाडी आणायची म्हणतोस? भिवानं ठरवलं, पाणी उतरू दे, दिवाळीला आणू.

परतीचा पाऊस त्या वर्षी फार लांबला. लुटीला वर्ष होत आलं होतं. कासई दोन्ही काठ चाटत चालली होती, समोरची बाभळबन पावसाच्या पडद्याआड पुसट दिसत होती. एका दुपारी डोंगराच्या सोंडेवरून धुराचा लोट वर चढताना दिसला. बोरडीच्या अंगाला. गावात धावपळ झाली. माणसं गोफणी घेऊन काठावर आली.

आणि तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"तरीऽऽ! बोरडीची आवडा! गाडी एक! भिवाऽऽ, तानू हाय रं माझ्याजवळ! नाव आण!"

कुणी ओ दिली नाही.

दुसरी हाक आली. तिसरी आली. मग नियमाप्रमाणं भिवानं ओरडून खूण विचारली.

"जोंधळा!" पलीकडून आवाज आला. "जोंधळा, भिवा! जोंधळा!"

काठावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पाटील हळू म्हणाले, "जुनी खूण."

आता त्यांच्या जागी उभं राहून बघा. समोर धूर. झाकलेली गाडी, अगदी गेल्या वेळेसारखी. हाक घालणारी तीच बाई, जिच्यावर वर्षभर संशय. आणि शब्द तो, जो बदलून कितीतरी महिने झाले. याहून जास्त पुरावा गावाला काय हवा होता?

"तानू असंल तर तिला बोलू दे!" भिवा ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

मग आवडाचा आवाज आला, "तिला बोलवंना रं! अंगावरनं जातंय तिच्या! बाप हायेस का कोण हायेस!"

खरी गोष्ट अशी होती, ती नंतर कळली. टोळी बोरडीवर आली होती. गाव डोंगरात पळालं. तानूला आठव्या महिन्यातच कळा सुरू झालेल्या, तिला डोंगर चढवणं शक्य नव्हतं. राणूनं तिला गाडीत घातलं, हाताला येईल तो संसार वर टाकला, आणि आवडाला बरोबर घेऊन काठावर आणून सोडलं. मग तो म्हाताऱ्या आंधळ्या आईला आणायला माघारी धावला. त्याला वाटलं, नाव काय आत्ता येईल. बाप आहे पलीकडं.

भिवानं नावेचा दोर सोडला होता, असं सांगतात. दोर हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. पाटील त्याला म्हणाले, "भिवा, तुझ्या लेकीचं नाव तिला ठाऊक आहे, एवढंच यातून कळतं. बाकी तुझा तू बघ." कुणी त्याचा हात धरला नाही, कुणी वाट अडवली नाही. आमच्या घरात पुष्कळांनी नंतर सांगून बघितलं, की पाटलांच्या माणसांनी त्याला आडवं पाडलं, नाव खेचून घेतली. माझे आजोबा ते मान्य करायचे नाहीत. ते म्हणायचे, भिवानं दोर स्वतःच्या हातानं पुन्हा बांधला, आणि गाठ नेहमीपेक्षा घट्ट बांधली.

आवडा हाक मारत राहिली. कधी भिवाला, कधी पाटलांना. मग एकेकाचं नाव घेऊन. ज्यांना तिनं स्वतःच्या हातांनी जगात आणलं, त्या सगळ्यांची नावं तिला पाठ होती. काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपलं नाव ऐकू आलं. काही बायका कानांत बोटं घालून घरी निघून गेल्या. पुढं पुढं शब्द कळेनात, नुसता सूर येत राहिला. मग तोही बसत बसत दिवेलागणीच्या सुमाराला थांबला.

"गेले," कुणी तरी म्हणालं. "डाव फसला, गेले."

थोड्या वेळानं पाण्यावर काहीतरी दिसलं. पावसाळी उजेड संपत आला होता. प्रवाहात वाहत, वर-खाली होत काहीतरी काळं याच खडकाच्या रोखानं येत होतं, आणि त्यामागं एक डोकं. पोहून येतोय कुणीतरी, असा गलका झाला. गोफणींत दगड चढले. पाटलांनी हात वर केला. तो खाली आला की दगड सुटणार.

आणि त्या काळ्या वस्तूतून एक आवाज आला. बारीक, चिडका, अखंड. नुकत्याच जन्मलेल्या पोराचं रडणं.

ती हाक कुणी कुणाला शिकवलेली नव्हती. पाटलांचा हात वरच राहिला.

भिवा कमरेएवढ्या पाण्यात शिरला. ती लाकडी काठवट होती, भाकरीचं पीठ मळायची, तानूच्या संसारातली. आत वाकळेत गुंडाळलेली मुलगी होती. काठवटीच्या कडेला धरून आवडा होती, दंडावर बाभळीचे ओरखडे, ओठ निळे. तिनं काठवट खडकावर लोटली आणि स्वतः तिथंच पालथी पडली.

"तानू?" भिवानं विचारलं. "अगं, तानू कुठं हाय?"

तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. घशातून नुसती हवा आली. तिनं हात करून पलीकडं दाखवलं, आणि मग तो हात आडवा हलवला.

भिवानं एकट्यानं नाव नेली. फुगलेल्या नदीत एकट्यानं एवढी नाव नेता येत नाही, मी सांगतो, मी वल्हं धरलंय. पण त्यानं नेली. लेक गाडीत होती, आवडानं अंगावरून पदर नीट ओढून ठेवला होता. तिला घेऊन तो आला तेव्हा काठावर सगळं गाव उभं होतं.

इथं गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. पण संशय इतक्या सहज जात नाही. दुसऱ्याच दिवशी, म्हणे, चावडीजवळ कुणीतरी म्हणालं, या वेळी ती खरी होती हे ठीक, पण गेल्या वर्षी हाक शिकवली कुणी, ते अजून राहिलंच. आणि त्यावर माणसांनी मान हलवली. आवडा आपल्या जुन्या झोपडीत परत आली होती. तिचा आवाज गेला होता. मुलीला भिवाच्या बायकोनं शेळीच्या दुधावर आणि शेजारणीच्या अंगावर वाढवायला घेतलं. पण आवडाला कुणी हाक मारली नाही. काहींना अजून शंका होती, आणि ज्यांना नव्हती त्यांना लाज वाटत होती. दोन्हींमुळं तोंड बंदच राहतं.

मग महिन्याभरानं सरकारी स्वारांनी त्या टोळीतला एक माणूस पकडला आणि त्याला घेऊन जाताना निवळोशीत थांबले. पाटील त्याच्यासमोर जाऊन बसले. त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "गेल्या साली आमच्या तरीची हाक तुम्हाला कुणी सांगितली?"

त्या माणसाला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तो हसला.

"सांगायची कशाला? समोरच्या बाभळीत दोन दिवस बसून होतो. दिवसभर माणसं ओरडत होती. ऐकली."

"सुईणीनं नाही सांगितली?"

"कुठली सुईण?" तो म्हणाला.

पाटील उठले. असं सांगतात, की ते घरी गेले नाहीत, सरळ इथं येऊन या खडकावर बसले. भिवा नावेतलं पाणी उपसत होता. दोघांत तानूच्या मरणानंतर बोलणं नव्हतं.

"भिवा," पाटील म्हणाले, "उद्यापासून पहिल्या हाकेला ओ द्यायची. खूणबिण काही नाही."

"आणि लुटारू असलं तर?"

"असलं तर लुटतील." पाटलांनी नावेचा दोर चाचपून बघितला. "मात्र तू एकट्यानं ओ द्यायची नाही. एकटा माणूस घाबरतो. ज्याच्या ज्याच्या कानावर पडेल त्यानं त्यानं द्यायची. पलीकडं जो असेल त्याला कळू दे, इथं किती जण जागे आहेत ते. सज्जन असला तर धीर येईल, आणि चोर असला तर मोजून परत जाईल."

नियम म्हणून हे त्याच संध्याकाळी गावाला सांगितलं गेलं. पण आवडाबद्दल पाटील काही बोलले नाहीत. सुरुवात कुणी करायची, हाच पेच होता. ज्याची हाक तुटली त्याला पुन्हा जोडून घ्यायचा एकच मार्ग, चारचौघांत त्याला नावानं हाक मारायची. आणि तिला नावानं हाक मारायला तोंड कुणाचं होतं? तिनं प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारली होती त्या दुपारी.

तानूचं सुतक होतं म्हणून मुलीचं बारसं सव्वा महिन्यानं ठेवलं. राणू आला, त्याची आंधळी आई आली. डोंगरात पळताना सोडली नव्हती त्यानं तिला. रीतीप्रमाणं आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं. पण राणू भिवाला म्हणाला, "मामा, नाव तुमीच ठेवा."

भिवानं नातीला उचललं आणि तो घराबाहेर पडला. बायका म्हणाल्या, अहो कुठं निघालात, पाळणा इथं आहे. तो थेट या खडकावर आला. पोर दोन्ही हातांवर धरलं, तोंड नदीकडं नाही, गावाकडं केलं, आणि नावाड्याच्या पूर्ण आवाजात हाक घातली.

"आवडाऽऽ!"

वर्षभर ते नाव या गावात कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. विहिरीवरचा रहाट थांबला. वरच्या आळीतली माणसं दारांत येऊन उभी राहिली. नवा नियम असा, की हाक कानावर आली की ओ द्यायची. जुना असा, की हे नाव घ्यायचं नाही. कुणालाच काय करावं सुचेना.

"आवडाऽऽ!" भिवानं दुसऱ्यांदा हाक मारली. पोर हातांत दचकून रडायला लागलं.

कुंभारवाड्याच्या टोकाला झोपडीचं दार उघडलं. आवडा बाहेर आली. तिच्या हाताला माती होती. ती काही पावलं पुढं आली आणि थांबली. भिवाला पुढं हाक मारवेना. तो नुसता बघत राहिला.

तेव्हा तिनं ओ दिली. सव्वा महिन्यात तिच्या घशातून निघालेला तो पहिला आवाज. फुटक्या मडक्यावर टिचकी मारावी तसा, बद्द, चिरका. पण ओ होती ती, सगळ्यांनी ऐकली.

आणि मग गावानं ओ दिली. आधी पाटलांनी, असं सांगतात. मग बायकांनी. मग सगळ्यांनी एकदम.

पुढं काय झालं याबद्दल दोन मतं आहेत. काही जण सांगतात, तेवढी एक ओ देऊन आवडाचा आवाज कायमचा गेला, मरेपर्यंत ती हातवाऱ्यांनीच बाळंतपणं करत राहिली. माझी आजी हे ऐकलं की चिडायची. ती म्हणायची, काही नाही, चांगली बोलायला लागली, आणि आवाज परत आल्यावर घरोघर जाऊन एकेकाला असं काही सुनावलं, की पाटील तीन दिवस चावडीवर फिरकले नाहीत. मला आजीचं खरं वाटतं. धाकटी आवडा, म्हणजे भिवाची ती नात, मात्र मोठीच्या हाताखाली शिकली, सुईण झाली, आणि तिला दोन्ही काठांवरून हाका येत राहिल्या, एवढं नक्की.

आजही निवळोशीत बारशाला पाळणा घरी हलवून झाला, की बाळाला या खडकावर आणतात. बाप किंवा आजोबा गावाकडं तोंड करून त्याचं नाव हाकारतो, आणि सगळं गाव ओ देतं, कारण बाळाला अजून देता येत नाही. तुम्ही म्हणाल, संशय संपला का मग? कुठला संपतो. गेल्या उन्हाळ्यात पुलाच्या डागडुजीला बाहेरची माणसं आली होती, पलीकडं पालं ठोकून राहिली. कुठली, कोण, कुणाला ठाऊक नव्हतं. गावात दोन मोटारींची चोरी झाली, विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी, तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्या पालांकडं गेल्या. माझीही गेली, खोटं कशाला बोलू. चावडीत विषय निघाला, उद्या जाऊन पालं तपासायची असं ठरलं.

त्याच संध्याकाळी पुलावरून त्यांच्यातला एक तरुण आला, फडक्यात गुंडाळलेलं पोर घेऊन. त्याला इथल्या रिवाजाचं कुणीतरी सांगितलं असावं. खडकावर उभा राहिला, इकडं-तिकडं बघितलं, आणि घाबरत घाबरत, आम्हाला नीट कळलंही नाही असं काहीतरी नाव त्यानं हाकारलं.

गावानं ओ दिली. मीही दिली. कुणाचं पोर, ते नंतर विचारलं.